ताईच्या फायलीतला माझा कागद

पत्रक कसं लिहायचं ते मला संघटनेतल्या एका थोरल्या भाऊंनी शिकवलं. एका पानाच्या वर जायचं नाही. पहिल्या ओळीत शिवी नको, पण तिसऱ्या ओळीपर्यंत वाचणाऱ्याचं डोकं तापलं पाहिजे. आणि 'काही' हा शब्द वापरायचा नाही. "काही शिक्षक येत नाहीत असं लिहिलं की माणूस कागदात भजी बांधतो," ते म्हणायचे. "एकही शिक्षक येत नाही, असं लिही. खोटं पडलं तर पडू दे. खोटं आहे हे सांगायला तरी साहेबाला खुर्चीवरून उठावं लागेल ना?"

मला ते पटलं. अजूनही अर्धं पटतं. रेशनवर, शाळेवर, मनरेगाच्या हजेरीवर मी पाच-सहा वर्षं असंच लिहिलं. अनसिंगच्या बाजारात, वाशीमच्या बसस्टँडवर हाताने वाटलं. साहेब उठलेही. त्यातल्या एका पत्रकातल्या एका वाक्याने माझ्या सख्ख्या बहिणीचं काय केलं, ते इथे लिहिते आहे. इथे वाढवून लिहिणार नाही.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिने जीएनएमचा नर्सिंगचा कोर्स केला, कौन्सिलची नोंदणी केली, वाशीमच्या एका खासगी दवाखान्यात तीन वर्षं नोकरी केली आणि मग पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात लागली. तिथे तिच्या वॉर्डातल्या दोघीजणी कॅनडाला गेल्या. तिनेही अर्ज केला. कुशल कामगार म्हणून तिकडे कायमचं राहायचा परवाना. त्याची गुणांवर यादी लागते: वय किती, शिक्षण किती, इंग्रजी कसं, काम किती वर्षं केलं. ताईने इंग्रजीची परीक्षा दोनदा दिली आणि तिचा नंबर लागला.

नंबर लागला म्हणजे साठ दिवस मिळाले. जे जे सांगितलं त्याचा कागद साठ दिवसांत द्यायचा. कागद नसेल तर अर्ज बाद.

ती सुट्टी काढून घरी आली आणि ओसरीवर फाइल उघडून बसली. बाबा तिथेच सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होते. आमचं घर भाजीवर चालतं. पहाटेच्या गाडीने सांबार, पालक, वांगी वाशीमला जातात, आणि आदल्या संध्याकाळी ओसरी ओली असते.

"बाबा, पाणी झटकू नका ना इकडं! मार्कशीट हाय ती!"

"मंग घरात बस ना. सांबाराले कायले दटावतं?" बाबा म्हणाले. जरा वेळाने विचारलं, "तिकडं सांबार भेटते का पण?"

"भेटते. प्लास्टिकच्या डब्यात."

"बिनमुळांचं असन," बाबा म्हणाले आणि पुढची जुडी घेतली.

जन्माचा दाखला होता. पोलिसांचा दाखला झाला होता. पुण्याच्या रुग्णालयाने चार पानांचं पत्र दिलं होतं. राहिलं होतं वाशीमचं पत्र. तीन वर्षांचं. ती तीन वर्षं धरूनच तिचे गुण भरले होते. ती काढली तर नंबरच लागत नव्हता. वाशीमच्या दवाखान्यात पगार हातात मिळायचा, म्हणून पावती नाही, बँकेत नोंद नाही. नेमणुकीचं पत्र दिलंच नव्हतं. त्या तीन वर्षांचा पुरावा म्हणजे डॉक्टरने सही केलेला एक कागद, एवढंच. आणि दोन महिन्यांत ताईला तिशी लागणार होती. तिशीनंतर वयाचे गुण दरवर्षी उतरतात. म्हणजे पुन्हा नंबर लागणं कठीण.

"त्यायच्याकडं जा लागते," ताई म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली.

आता ते पत्रक.

ताईने वाशीम सोडलं त्याला वर्ष झालं असेल. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरची बाई त्या दवाखान्यात बाळंतपणाला आणली होती. ऊसतोडीवरून परतलेलं जोडपं. त्या रात्री दवाखान्यात डॉक्टर नव्हता. दहावी झालेल्या एका मुलीने कळा वाढवायचं इंजेक्शन दिलं, मग आणखी एक दिलं. बाळ जगलं. बाई गेली. नवऱ्याने तक्रार केली, आरोग्य खात्याची चौकशी लागली, आणि आम्ही पत्रक काढलं. लिहिलं मी. त्यातलं सगळ्यात जाड ठशातलं वाक्य असं होतं: "या दवाखान्यात आजवर एकही शिकलेली नर्स ठेवलेली नाही."

माझी बहीण तिथे तीन वर्षं होती. तिचा डबा मीच पोचवायचे. मला माहीत नव्हतं असं नाही. पहिल्या खर्ड्यात मी "सध्या" लिहिलं होतं. मग वाचून पाहिलं, वाक्य मऊ वाटलं. "सध्या" खोडलं आणि "आजवर" केलं.

पत्रकाचा फोटो मी ताईला पुण्याला पाठवला होता. तिचं उत्तर दोन शब्दांचं आलं. "आन मी?"

मी लिहिलं, "अगं, पत्रकात तसंच लिहायचं असतं."

आमच्याकडे अनुभवाचं पत्र मालक लिहीत नाही. ज्याला पाहिजे तो लिहून नेतो, मालक सही-शिक्का मारतो. एरवी ते दोन ओळींचं असतं, अमुक इथे कामाला होती, वागणूक चांगली. कॅनडावाल्यांना मात्र सगळं पाहिजे: पद, तारखा, आठवड्याचे तास, पगार, रोजची कामं एकेक करून, आणि खाली सही करणाऱ्याचा फोन नंबर. मी म्हटलं, मी लिहिते. लिहिलंही. ताईने वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"'अखंड बारा-बारा तास एकटीला राबवून घेण्यात आले.' काय व हे? हे त्यानं लिवलं असं वाटाले पाह्यजे, तू लिवलं असं नाई!"

"खरं नाही का?"

"खरं हाय. पण मालक स्वतःले शिव्या देते का लेटरहेडवर?"

मग तिनेच लिहिलं. सहा कामं. मोजकी, थंड. दुसऱ्या दिवशी वाशीमला टायपिंगवाल्याकडे करून घेतलं आणि आम्ही दवाखान्यात गेलो. मी येऊ नये असं ती म्हणत होती. मी ऐकलं नाही. तोंड लपवून घरी बसायचं माझ्या अंगातच नव्हतं.

डॉक्टरने आम्हाला तासभर बसवलं आणि मग आत घेतलं. ताईशी तो चांगला बोलला. "या सिस्टर. तुमच्यासारखं काम नंतर कोणी केलं नाही. पत्र देणार नाही असं कसं होईल?" कागद वाचला. मग खण उघडला आणि आमचं पत्रक काढलं. घड्या घालून घालून त्याच्या रेघा पडल्या होत्या. त्याने चष्मा लावून माझं वाक्य मोठ्याने वाचलं.

"आजवर एकही नाही. मग हे पत्र मी कोणाले देऊन राह्यलो, सिस्टर? भुताले?"

ताईने फाइल मांडीवर ओढून घेतली.

"याच मॅडम ना?" माझ्याकडे बोट. "सख्ख्या बहिणीनं छापलंय, तुम्ही कधी इथं नव्हत्याच."

"त्या बाईचं काय झालं ते बोला," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "दहावी झालेल्या पोरीच्या हातात..."

"तुमी बोलू नका मॅडम. तुमाले बोलाचं होतं थे तुमी छापलं." तो हसला. "मी पत्र देतो. आत्ता देतो. एक काम राहिलंय, तेवढं सातव्या नंबरला टाका." त्याने पेनाने लिहिलं: दवाखान्यातील सर्व परिचारिकांना इंजेक्शन, सलाईन व प्रसूतीच्या कामाचे प्रशिक्षण दिले. "टाइप करून आणा. आणि आमच्या ऑफिसच्या प्रतीवर पोच म्हणून सही करून जा."

मला कळायला दारापर्यंतचं अंतर लागलं. ती प्रत तो चौकशीत लावणार होता. दवाखान्यात नोंदणीकृत नर्स होती. तिने मुलींना शिकवलं होतं. म्हणजे मुली शिकलेल्या होत्या. आणि ज्यांनी तक्रारीचं पत्रक काढलं ते खोटारडे, पुरावा म्हणजे त्यांच्याच बहिणीची सही. एका कागदात तांड्यावरच्या त्या माणसाची तक्रार संपत होती.

बाहेर पायरीवर नातेवाईक डबे घेऊन बसले होते. मी ताईला बाजूला नेलं. "सही करायची नाही. तो आपल्याला वापरतोय."

"खोटं काय हाय त्यात?"

"ताई!"

"मी शिकवलंच ना त्यायले. तुले आठवते, मी डब्यासंगं वांगे मांगवत होती?"

आठवत होतं. बाबांच्या वावरातली कोवळी वांगी, आठवड्यातून दोनदा. मला वाटायचं तिथल्या मावशी भाजी करतात.

"वांग्यावर शिकवलं सुई टोचाले. पाणी भरून. मी एकटी, रातपाळीले पंचवीस पेशंट, एक बाई अडलेली. दुसरीकडची सलाईन कोण लावन? पोरी हुशार होत्या. शिकल्या." तिने फाइल दुसऱ्या काखेत घेतली. "जिनं थे इंजेक्शन देल्लं थे पोरगी बी त्यातलीच. माह्याच हाताखालची. कसं टोचाचं थे शिकवलं मी तिले. काय टोचाचं आन कवा थांबाचं, त्याले तीन वर्षं कालेज लागते."

हे तिने मला आधी कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. मी त्या मरणावर एक पान लिहिलं, तो दवाखाना आतून माहीत असलेली बाई माझ्याच घरातली होती, आणि मी तिला एक फोन केला नाही. कारण तिने "असं नाही, तसं होतं" म्हटलं असतं, आणि मला तसं नको होतं.

"मग तू सही करणार?"

"टाइप करून आणू पयले," ताई म्हणाली.

सातवं काम टाकून कागद आणला. डॉक्टरने सही केली, शिक्का मारला, मूळ कागद ताईच्या हातात दिला आणि ऑफिसची प्रत काउंटरवर पाठवली. ताईने मूळ कागद आधी फायलीत घातला, बटण लावलं, फाइल माझ्याकडे दिली. मग काउंटरवरचं पेन घेतलं. ऑफिसच्या प्रतीखाली लोक "मिळाले" लिहून सही करतात. ताई लिहीतच राहिली. शिकाऊ सिस्टर वॉर्डाच्या वहीत लिहिते तसं, सुटं अक्षर:

"मूळ प्रत मिळाली. मी असेपर्यंत रात्रपाळीत नोंदणीकृत परिचारिका मी एकटीच होते. ज्यांना शिकवले त्या मुली दहावी-बारावी झालेल्या होत्या, नर्सिंग झालेल्या नव्हत्या. नोकरी सोडताना माझ्या जागी नोंदणीकृत परिचारिका घ्यावी असे मी सांगितले होते."

खाली सही, तारीख, नोंदणी क्रमांक. मोबाइलने फोटो काढला. काउंटरवरच्या माणसाने न वाचता पोचेचा शिक्का मारला; दिवसभर तेच करत असतो तो.

अनसिंगच्या गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "त्याला कळेल आता."

"कळन ना. तो फोटो चौकशीत दे तू."

"आणि तुझ्या पत्राखाली त्याचाच नंबर आहे. कॅनडावाल्यांनी फोन केला तर?"

"करतीन." ती खिडकीबाहेर बघत होती. "तांड्यावर जा आन त्या मानसाले सांग, थे वाक्य खोटं होतं म्हनून. माह्याकडून नाई. तुह्या तोंडानं."

मी गेले. मानोऱ्याहून जीप, पुढे पायी. बाईचा नवरा घरासमोर पोराला मांडीवर घेऊन बसला होता. पोरगं आता चालायला लागलं होतं. मी उभ्यानेच सांगितलं. दवाखान्यात एकही नर्स कधीच नव्हती हे मी लिहिलं ते खोटं. माझीच बहीण होती. मला माहीत होतं.

त्याने पोराला मांडीवरून खाली ठेवलं. "म्हंजे माही बायको मेली, थे बी खोटंच का?"

"नाही."

"थे पोरगी नर्स होती का?"

"नव्हती."

"डाक्टर होता का?"

"नव्हता."

"मंग थे वाक्य कायले पाह्यजे होतं?" त्याने विचारलं. तो चिडला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. भजी आणि साहेबाची खुर्ची तिथे बोलण्यासारखी नव्हती.

"काहाडून टाक," तो म्हणाला. "बाकीचं रायते ना?"

ताईच्या हस्ताक्षराचा फोटो आम्ही चौकशीत दिला. तिथल्या साहेबांनी तो दोनदा वाचला आणि नोंदवून घेतला. आठ दिवसांत दवाखान्यातून ताईला फोन आला. डॉक्टरने एकच वाक्य बोलून ठेवला म्हणे. काय बोलला ते तिने सांगितलं नाही. तोवर तिने सगळे कागद साठ दिवसांच्या आत चढवले होते, वाशीमचं पत्रही.

पुढे पाच महिने काही नाही. मग पुण्याहून ताईचा निरोप आला, कॅनडावाल्यांचा मेल आलाय, तुला पाठवलाय, बाबा घरी असताना वाच. मी बाबांना वाचून दाखवला, इंग्रजीतून मराठी करत. वाशीमच्या दवाखान्याशी संपर्क केला असता त्यांनी अर्जदाराच्या नोकरीला दुजोरा दिला नाही. उलट त्यांनी एक छापील पत्रक पाठवलं असून, ते अर्जदाराच्या सख्ख्या बहिणीने लिहिलेलं आहे, आणि त्यात म्हटलं आहे की...

तिथे मी थांबले.

"वाच ना," बाबा म्हणाले. "काय म्हनते?"

माझं वाक्य होतं. इंग्रजीत. कुठल्यातरी माणसाने नीट, शब्दाला शब्द भाषांतर केलं होतं. "आजवर"ही सोडलं नव्हतं. मी ते पुन्हा मराठीत वाचून दाखवलं.

बाबा म्हणाले, "हे तू लिवलं?"

"हो."

बाबांनी हातातली सुतळी खाली ठेवली. नंतर उठून मोटर बंद करायला गेले. मोटर बंदच होती, लाइट नव्हती.

उत्तर द्यायला मुदत होती. डॉक्टरच्या सही-शिक्क्याचं पत्र होतं, ऑफिसच्या प्रतीचा फोटो होता. माझ्या पत्रकाला उत्तर मात्र माझंच लागणार होतं. मी कोर्टासमोरच्या वकिलाकडे जाऊन प्रतिज्ञापत्र केलं. वकील म्हणाला, "नजरचुकीने छापलं गेलं असं लिहू. सेफ राहते."

"नजरचूक नव्हती," मी म्हटलं. तो माझ्याकडे बघायला लागला. मी सांगितलं तसं त्याने टाइप केलं: सदर वाक्य मी लिहिले. ते लिहिताना माझी बहीण त्या दवाखान्यात तीन वर्षे नोंदणीकृत परिचारिका म्हणून काम करून गेली आहे, हे मला माहीत होते. पत्रकाचा परिणाम वाढावा म्हणून मी खोटे लिहिले.

"याच्यावर तो तुमच्यावर केस करू शकते, मॅडम," वकील म्हणाला. "विचार करा."

मी सही केली. दोन लाल शिक्के बसले. इंग्रजी करून ताईला पाठवलं.

अर्ज नाकारला गेला. कारण एका ओळीचं होतं: सादर केलेल्या पुराव्यावरून या काळातील कामाबाबत अधिकाऱ्याची खात्री पटली नाही. माझ्या प्रतिज्ञापत्राचा उल्लेख नव्हता. का असावा? एका कागदात खोटं लिहिलं म्हणून दुसऱ्या कागदात सांगणारी बाई मी. माझ्या कुठल्या कागदावर विश्वास ठेवायचा, हे त्या अधिकाऱ्याने का ठरवावं?

ताईने ड्यूटीवर जाता जाता फोन केला. मागे लिफ्टचा आवाज येत होता. मी माफी मागायला लागले तर म्हणाली, "रडू नको बापा, मले वेळ नाई. चौकशीचं काय झालं?"

"चालू आहे म्हणतात."

"फोटो लावला ना त्यात?"

"लावला."

"बरं." मग म्हणाली, "माही फाइल घरी ठेवली हाय, थे ओल्यात पडू देऊ नको. कागद नंबरानं लाव. पुन्हा भराचं झालं तं लागतीन."

तिला तीस पूर्ण झालेत. गुण आता कमी आहेत. पुन्हा नंबर लागायचा तर इंग्रजीची परीक्षा तिसऱ्यांदा द्यावी लागेल आणि पुण्यातलीच अजून काही वर्षं भरावी लागतील. हे तिला माहीत आहे, मलाही.

फाइल मी घरात आणली. मार्कशीट, नोंदणी, जन्माचा दाखला, पोलिसांचा दाखला, पुण्याचं पत्र, वाशीमचं पत्र. एका कोपऱ्यावर पाण्याचा डाग आहे, सांबाराचा हिरवा. शेवटी प्रतिज्ञापत्राची प्रत राहिली. ती वाशीमच्या पत्राच्या मागे लावली. ओसरीवर बाबा जुड्या बांधत होते. त्यांनी मला हाक मारली नाही. मी जाऊन बसले आणि सुतळी तोडायला लागले.